चुलीपाशीची भाषा आणि कचेरीतली भाषा



नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर गाडी येते तेव्हा चार भाषांत पुकारा होतो. मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी. स्टेशनच दोन राज्यांत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावरचे एक बाकडेसुद्धा मधोमध वाटलेले आहे, आणि बाहेरगावचे लोक त्यावर बसून हौसेने फोटो काढून घेतात. पण त्याच फलाटावर टोपली घेऊन बसलेल्या बाया आपसात काय बोलतात? नवापूरकडची असली तर मावची, उच्छलकडची असली तर गामीत. दोघींना एकमेकींचे सगळे समजते. नुसते ऐकून कोण कुठल्या राज्यातली, ते सांगता यायचे नाही. त्यांची बोली मात्र त्या चार भाषांत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे काही नवे नाही. धडगावला पावरी, अक्कलकुव्याकडे देहवाली आणि नोयरी, तळोद्याला भिलोरी, नवापूरला मावची आणि कोकणी, नंदुरबार-शहाद्याच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, बाजारात गुजराती आणि हिंदी. आम्ही बचतगटांच्या बैठका घेत फिरतो तेव्हा एका दिवसात तीन बोली कानावर पडतात. चर्चा बोलीत होते. ठराव मात्र मराठीत लिहिला जातो, आणि बँकेचा कर्जाचा कागद तर कधी कधी इंग्रजीत असतो. मग सही करणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न असतो, "ताई, यात काय लिहिलंय?"

हा प्रश्न फार जुना आहे. कचेरीची भाषा कोण ठरवते आणि ती बदलते कशी, हे आज थोडे मागे जाऊन पाहू.

आज जी मराठी आपल्याला कचेरीची वाटते, ती एकेकाळी स्वतःच कचेरीच्या दाराबाहेर उभी होती. खानदेशावर आधी फारुकी सुलतान होते, १६०१ मध्ये अकबर बादशहाने असीरगड घेतला आणि मोगल आले. दरबाराचा कागद फारसीत चाले. शेतकरी मराठीत, अहिराणीत, भिलीत बोले आणि कारकून फारसीत लिही. शिवाजी महाराजांनी याची दखल घेतली. त्यांच्या सांगण्यावरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारातल्या हजाराहून जास्त फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत शब्द सुचवले आहेत. राज्य आपले झाले तरी कागद परकाच राहतो, हे त्या राजाला समजले होते.

तरी शब्द काही सगळे गेले नाहीत. आपल्या गटाचे रजिस्टर उघडून बघा. जमा, बाकी, कर्ज, हप्ता, हिशेब, तारीख, सही. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. व्याज तेवढे आपल्या घरचे!

पुढे १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारला फारसी काढून देशी भाषा वापरायची मुभा मिळाली. आपल्या भागाची कामकाजाची भाषा मराठी झाली. पण कुठली मराठी? मोल्सवर्थ साहेबाने पंडितांना हाताशी धरून १८३१ मध्ये मोठा मराठी-इंग्रजी कोश काढला. शाळेची पुस्तके लिहिणाऱ्यांनी पुण्याकडची शिकलेल्या लोकांची मराठी प्रमाण धरली. अहिराणी बोलणारी बाई त्या दिवसापासून 'अशुद्ध' बोलू लागली. तिने काही बदलले नव्हते. आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा, हे शब्द जुनेच होते. फक्त शुद्ध काय ते दुसऱ्या गावी ठरले.

भिली, पावरी, मावची यांची तर सरकारी कागदावर गणतीच नव्हती. ती पहिल्यांदा नीट झाली जॉर्ज ग्रिअर्सन या आयरिश अधिकाऱ्याच्या भाषा पाहणीत. १८९४ ते १९२८ अशी चौतीस वर्षे हे काम चालले. त्याने देशभरच्या कचेऱ्यांना एकच गोष्ट पाठवली, बायबलमधली उधळ्या मुलाची, आणि सांगितले की तुमच्याकडच्या बोलीत ही लिहून पाठवा. १९०७ मध्ये त्याचा नववा खंड, तिसरा भाग निघाला. त्यात भिल्ल समाजाच्या बोली आहेत, मावची आहे, पावरी आहे. गंमत म्हणजे खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, त्याने मराठीच्या खंडात घातलीच नाही. तीही याच भागात भिलीच्या शेजारी बसवली. आजही भाषेचे अभ्यासक यावर भांडतात. आम्हाला त्या भांडणात पडायचे नाही. पण आपली बोली म्हणजे मोडकी मराठी नव्हे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे शंभर वर्षांपूर्वी छापून झाले आहे, एवढे ध्यानात ठेवा.

स्वातंत्र्याच्या लढ्यात आपल्या गावाने भाषा पाहिली नव्हती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याच्यासोबत आणखी चार मुले गेली. शिरीषकुमारची घरची भाषा गुजराती. त्या दिवशी त्याच्या तोंडी जी घोषणा होती, तीसुद्धा गुजराती. आज नंदुरबारला त्याच्या स्मारकाला हार घालताना कोणी विचारत नाही की हा मराठी की गुजराती.

अठरा वर्षांनी मात्र हाच प्रश्न सरकारने विचारला. १९५६ मध्ये मुंबई राज्य मराठी आणि गुजराती असे दोन्हीचे मिळून एकत्र केले होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली, १०६ हुतात्मे झाले, आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये वेगळी झाली. भाषेवर राज्य, हा तिचा पाया. पण आपल्याकडे ही रेघ ओढायची कुठे? ज्यांच्या अंगणातून ती जायची होती, ते लोक घरात मराठीही बोलत नव्हते आणि गुजरातीही नव्हते. तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातली नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली कितीतरी गावे गुजरातला दिली गेली. उच्छल, निझर हा भाग त्यातलाच. शेजारच्या डांगचे तर फारच झाले. डांगी ही मराठीची बोली की गुजरातीची, यावर दोन्हीकडच्या विद्वानांनी वाद घातला. शेवटी डांग गुजरातमध्ये गेला. डांगी ही डांगी आहे, असे म्हणणाराला त्या वादात जागा नव्हती.

रेघ ओढली गेल्यावर काय झाले, ते आपल्या घरांत दिसते. एक बहीण इकडे दिली, एक तिकडे. इकडचीची मुले मराठी शाळेत गेली, तिकडचीची गुजराती शाळेत. दोन्हीकडच्या मुलांना पहिलीच्या वर्गात शिकवणारा काय बोलतो ते समजत नव्हते. आता ती चुलत-मावस भावंडे एकमेकांना चिठ्ठी लिहू शकत नाहीत, कारण लिपी वेगळी. फोनवर मात्र अजून आजीच्या बोलीतच बोलतात. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला याहा मोगीच्या यात्रेला दोन्ही बाजूचे लोक जातात. याहा म्हणजे आई. तो शब्द दोन्हीकडे एकच आहे.

मग १९६४ मध्ये महाराष्ट्राचा राजभाषा कायदा आला. देवनागरीतली मराठी ही राज्याची भाषा झाली. त्याआधीच १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले होते, इंग्रजी शब्दांना मराठी शब्द घडवण्यासाठी. हे काम गरजेचे होते, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर इंग्रजी हुकूम पाहिला, त्याला आपल्या भाषेत हुकूम वाचता आला, ही लहान गोष्ट नाही. पण त्यातले काही शब्द असे जड झाले की पुण्याच्या बाईलाही ते दोनदा वाचावे लागतात. धडगावच्या बाईने काय करायचे?

आता भाषेचा आणि पोटाचा संबंध सांगतो. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आदिवासींच्या जमिनी पिढ्यानपिढ्या हातातून गेल्या. कर्जापायी, गहाणापायी, अंगठ्यापायी. अंगठा कशावर उठवला, ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते, आणि वाचून दाखवणारा बहुधा जमीन घेणाऱ्याच्याच बाजूचा असे. १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि त्यांचे सोबती यांनी शहाद्यात जी चळवळ उभी केली, ती या जमिनींसाठी होती. त्या चळवळीत बाया पुढे होत्या. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. आपल्यातल्या काहींच्या सासवा, आज्या त्यात असतील. त्या काय बोलत होत्या? आपल्याच बोलीत बोलत होत्या. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा आला. त्याच चळवळीतून आलेले वाहरू सोनवणे पुढे भिलीत आणि मराठीत कविता लिहू लागले. 'गोधड' हा त्यांचा संग्रह. बोली कचेरीत नव्हती, पण चळवळ तिच्याशिवाय झाली नसती.

आता थोडे लांब जाऊ. युरोप खंडात देश लहान लहान आहेत, आणि भाषेवरून त्यांनी आपल्यापेक्षा जास्त मारामाऱ्या केल्या आहेत. वेल्स नावाचा इंग्लंडला लागून एक मुलूख आहे. तिथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कितीतरी शाळांत मूल आईची वेल्श भाषा बोलले की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरे मूल बोलताना सापडले की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तुकडा, त्याला मार. म्हणजे मुलेच एकमेकांवर पाळत ठेवायची. त्या वेल्शला २०११ मध्ये कायद्याने वेल्सची अधिकृत भाषा केले.

स्पेनच्या उत्तरेला बास्क लोक राहतात. जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीत त्यांची भाषा शाळेतून, कचेरीतून काढून टाकली होती. तेव्हा सान सेबास्तियान शहरात एल्बिरा सिपित्रिया नावाच्या बाई होत्या, पेशाने शिक्षिका. १९४० च्या दशकात त्यांनी घरातच थोडी मुले जमवली आणि बास्क भाषेत शिकवायला सुरुवात केली. पाटी नाही, फळक नाही, सरकारला पत्ता नाही. त्यांच्या हाताखाली तरुण मुली तयार झाल्या, त्यांनी दुसऱ्या घरांत असेच वर्ग काढले. फ्रँको १९७५ मध्ये वारला. १९७९ मध्ये बास्क प्रांतात ती भाषा स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत झाली. कायदा आला तेव्हा भाषेत शिकवू शकणाऱ्या बाया आणि शिकलेली मुले आधीच तयार होती, ती या घरांतल्या शाळांतून. आम्हाला ही गोष्ट बचतगटासारखी वाटते. दहा बाया एका ओसरीवर जमल्या की काय होते, ते आपण पाहिले आहे.

स्वित्झर्लंडची गोष्ट आपल्या अडचणीच्या सगळ्यात जवळची. त्या देशाच्या चार राष्ट्रीय भाषा आहेत. चौथी रोमान्श, डोंगरात राहणाऱ्या थोड्याशा लोकांची. आज ती ज्यांची मुख्य भाषा आहे असे लोक शंभरात एकसुद्धा नाहीत. तरी १९३८ मध्ये सगळ्या देशाने मतदान करून तिला राष्ट्रीय भाषा केले. पुढची अडचण अशी की रोमान्श एक नाही. दऱ्याखोऱ्यांप्रमाणे तिची पाच रूपे. जशी आपल्याकडे देहवाली वेगळी, पावरी वेगळी. मग पुस्तके छापायची कुठल्या रूपात? १९८२ मध्ये एका विद्वानाने सगळ्यांसाठी मिळून एक लिखित भाषा तयार केली. सरकारी कागद त्यात निघू लागले. शाळेतही ती आणली, तेव्हा आईबाप बिथरले. ही भाषा कुणाच्याच आजीची नाही, असे त्यांचे म्हणणे. कितीतरी गावांनी पुन्हा आपल्या खोऱ्याच्या रूपात पुस्तके मागून घेतली. 'आधी तुमची भिली एक करा, मग बोला' असे जेव्हा आपल्याला सांगतात, तेव्हा ही गोष्ट आठवावी. त्यांनी एक होण्याची वाट पाहिली नाही. आधी मान दिला, मग भांडत बसले.

पण युरोपातही सगळे न्यायाने चालते असे नाही. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत. त्यात माल्टा या बेटाची माल्टीज आहे. बेटावर पाच लाखांच्या आसपास लोक, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या एक तृतीयांश. तिथल्या बाईने संघाला आपल्या भाषेत पत्र लिहिले तर त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा तिला हक्क आहे. आणि स्पेनमधली कॅटलान, जी नव्वद लाखांच्या आसपास लोकांना येते, ती त्या २४ मध्ये नाही. कारण माल्टाला स्वतःचा देश आहे, कॅटलानच्या लोकांना नाही.

हेच आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत दिसते. घटना झाली तेव्हा तिच्यात १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ निघाले. ती यादीत आहे. बोडो बोलणारे सुमारे १५ लाख, ती २००३ मध्ये यादीत आली. संथालीही तेव्हाच आली. तिच्यासाठी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी घडवली होती, आणि पुढे पाऊणशे वर्षे लोकांनी ती धरून ठेवली. कोकणीला तर मराठीचीच बोली म्हणत होते. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये अनुसूचीत गेली, आणि गोव्याच्या कायद्याने मराठीलाही सरकारी कामात जागा ठेवली. दोन्ही एका घरात नांदतात, कधी कुरबुर होते, पण नांदतात. आणि भिली-भिलोडी? २०११ च्या जनगणनेत १ कोटी ४ लाख लोक. यादीत नसलेल्या भाषांत सगळ्यात मोठी. खानदेशी, म्हणजे अहिराणीकडचे, १८ लाख ६० हजार. दोन्ही यादीच्या बाहेर.

याचे कारण आम्हाला असे वाटते की भिली बोलणारे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान अशा चार राज्यांत वाटले गेले. प्रत्येक ठिकाणी शाळेची भाषा वेगळी. कुठल्याच विधानसभेत भिलीचे बहुमत होणार नाही. यादी ठरते ती संख्येवर नव्हे, मागणाऱ्याच्या जोरावर.

तरी हातात काहीच नाही असे समजू नका. घटनेचे कलम ३५० सांगते की कोणालाही आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. कलम ३५०-क भाषेने अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयीबद्दल आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ हाही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतो. कलम ३४५ प्रमाणे राज्याला एकापेक्षा जास्त भाषा कामकाजासाठी घेता येतात. झारखंडने २०११ मध्ये संथाली, मुंडारी, हो, कुडुख, खडिया यांना दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही यावर राज्यात मोठा गदारोळ झाला आणि शासनाने आपला निर्णय मागे घेतला. आमच्या एका बैठकीत एक आजी ते ऐकून म्हणाल्या, "आमच्या पोरांना तर मराठी हीच दुसरी. मग हिंदी तिसरी, इंग्रजी चौथी. आमची पहिली कुठे गेली?" त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. मराठी नको, असे त्या म्हणत नव्हत्या, आम्हीही म्हणत नाही. मराठीशिवाय आपले काम चालणार नाही आणि मुलांनी ती चांगली शिकावी. पण पावरीतून मराठीकडे न्यायला मधे एक पायरी लागते, ती पायरी शाळेने बांधायला हवी.

आता जनगणनेबद्दल. २०२१ मध्ये व्हायची जनगणना लांबली, ती आता २०२७ मध्ये आहे. घरी प्रगणक येईल, मोबाईलमध्ये माहिती भरेल आणि मातृभाषा विचारेल. जनगणनेत मातृभाषेचा अर्थ ठरलेला आहे: लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली ती. शाळेची नव्हे, सातबाऱ्यावरची नव्हे. २०११ मध्ये देशभरातून मातृभाषेची १९,५६९ नावे आली होती. ती तपासून १,३६९ केली आणि मग १२१ भाषांत बसवली. आपण सांगितलेले नाव या चाळणीतून जाते. जे नाव सांगितलेच नाही, ते चाळणीपर्यंत पोचतही नाही. बऱ्याच घरांत पुरुष माणूस पटकन 'मराठी' सांगून मोकळा होतो, म्हणजे साहेबाला बरे वाटते. त्या वेळी घरात बाईच असते बहुतेक. तुम्ही सांगा. मावची असेल तर मावची, पावरी असेल तर पावरी, देहवाली, नोयरी, कोकणी, अहिराणी, जे आईचे असेल ते. मराठीचे नुकसान होईल याचीही काळजी नको. मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा २०११ च्या अर्जात विचारल्या होत्या. तसा रकाना या वेळीही असला, तर मराठी आणि हिंदी तिथे सांगा. आणि भरून झाले की प्रगणकाला म्हणा, "दादा, काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवा."